नांवांचें धर्मांतर

इसवी सन १३८७ मध्यें लिथुआनियाची राजधानी विल्नियस येथें एक विलक्षण सोहळा झाला. लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक योगायला यानें आदल्याच वर्षीं, १३८६ सालीं, क्राकूव्ह येथें ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेऊन पोलंडची राणी याद्विगा हिच्याशीं विवाह केला होता, व तो पोलंडच्या गादीवर बसला होता. आतां आपल्या प्रजेसहि तीच दीक्षा द्यावी म्हणून तो पाद्र्यांसह स्वदेशीं परतला. पंधराव्या शतकांतील पोलिश इतिहासकार यान द्लुगोश सांगतो कीं, जुन्या देवांपुढील अखंड अग्नि विझविण्यांत आला आणि लोकांना नदीकांठीं जमविण्यांत आलें. संख्या एवढी मोठी कीं, एकेकास निराळा बाप्तिस्मा देणें शक्य नव्हतें. म्हणून पुरुषांचे व बायकांचे वेगवेगळे घोळके केले, प्रत्येक घोळक्यावर पवित्र जल शिंपडलें, आणि त्या सबंध घोळक्यास एकच नांव दिलें. एका घोळक्यांतले सारे पुरुष पेत्रुस झाले, दुसऱ्यांतले पावलुस, तिसऱ्यांतले योहान्नेस. बायकांच्या वांट्यास कातारीना, मार्गारीता अशीं नांवें आलीं. प्रत्येकास पोलंडहून आणलेला लोंकरीचा एकेक अंगरखा मिळाला, आणि माणसें घरोघर गेलीं.

अंगरखा फाटून गेला असेल. नांव मात्र राहिलें. परंतु तें जसें दिलें तसेंच राहिलें काय? ज्यांस लॅटिनचा एक शब्दहि ठाऊक नव्हता, त्या शेतकऱ्यांनीं 'पेत्रुस' हें नांव आपल्या मुखांत कसें बसविलें? आणि त्यांच्या शेजारीं राहणाऱ्या जर्मन, इंग्रज, डेनिश आदि लोकांनीं, ज्यांच्याकडे हींच नांवें कित्येक शतकें आधीं येऊन पोहोंचलीं होतीं, त्यांचें काय केलें? हा प्रश्न वरवर व्याकरणाचा दिसला, तरी एखादा समाज बाहेरून आलेली वस्तु आपलीशी कशी करतो, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यांस आपण येथें लॅटिन नांवें म्हणत आहों, तीं सारीं मुळांत लॅटिन नव्हत. योहान्नेस हें नांव हिब्रू आहे, पेत्रुस हें ग्रीक असून त्याचा अर्थ दगड किंवा खडक असा होतो, आणि 'ख्रिस्त' ही तर ग्रीक भाषेंतील पदवी असून तिचा अर्थ 'अभिषिक्त' असा आहे. अस्सल लॅटिन म्हणजे पावलुस, अर्थात् 'लहान', आणि मार्तिनुस, जें मार्स या रोमन युद्धदेवतेच्या नांवावरून आलें. पण पश्चिम युरोपच्या धर्मसंस्थेची भाषा लॅटिन असल्यामुळें हीं सर्व नांवें लॅटिन पेहरावांतच उत्तरेकडे गेलीं. त्या पेहरावाची ठळक खूण म्हणजे शेवटचा 'उस' हा प्रत्यय. या प्रत्ययाचें पुढें काय झालें, यांतच सगळ्या कथेचें मर्म आहे.

संस्कृत जाणणारास हा प्रत्यय ओळखीचा वाटेल. 'रामः', 'वृकः' यांतील विसर्ग आणि लॅटिनमधील 'उस' हीं एकाच प्राचीन प्रत्ययाचीं दोन रूपें होत. लांडगा या अर्थाचा 'वृकः' हा शब्दच उदाहरणादाखल घेतां येईल. लॅटिनमध्यें तो 'लुपुस' होतो, प्राचीन गॉथिक भाषेंत 'वुल्फ्स', आइसलंडच्या भाषेंत 'उल्वुर', लॅटव्हियनमध्यें 'विल्क्स', आणि लिथुआनियनमध्यें 'विल्कस'. जर्मन व इंग्रजी भाषांत मात्र तो नुसता 'वोल्फ' किंवा 'वुल्फ' असा उघडा राहिला आहे. म्हणजे बाल्टिक भाषांनीं जुना प्रत्यय आजतागायत जपला, आइसलंडनें त्याचा अवशेष राखला, आणि जर्मन-इंग्रजीनें तो टाकून दिला. मराठींतहि हेंच घडलें आहे. 'देवः' याचा ज्ञानेश्वरींत 'देवु' झालेला दिसतो, आणि आज तो नुसता 'देव' आहे. ही घडण ध्यानांत ठेविली, म्हणजे पुढील बरेचसें कोडें आपोआप उलगडतें.

जर्मानिक कुळांतील लोकांपैकीं ख्रिस्ती ग्रंथ स्वभाषेंत प्रथम आणले ते गॉथ लोकांनीं. चवथ्या शतकांत वुल्फिला नांवाच्या बिशपानें बायबलचें गॉथिक भाषांतर केलें. त्याच्या नांवाचा अर्थच 'छोटा लांडगा' असा आहे. या भाषांतराची सहाव्या शतकांतील एक प्रत जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी शाईनें लिहिलेली असून, ती स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जतन केलेली आहे. वुल्फिलानें नांवें घेतलीं तीं ग्रीक ग्रंथांतून, परंतु त्याची रीत पाहण्यासारखी आहे. गॉथिकमध्यें पुत्र या अर्थीं 'सुनुस' असा शब्द होता. त्याची षष्ठी 'सुनाउस'. संस्कृतांतील 'सूनुः, सूनोः' हेंच तें रूप. वुल्फिलानें पौलाचें नांव 'पावलुस' असें लिहिलें व त्याची षष्ठी 'पावलाउस' अशी केली. परक्या धर्मपुरुषास त्यानें घरच्या मुलाच्याच पंगतीस बसविलें.

गॉथ लोकांची भाषा पुढें नाहींशी झाली. इतर जर्मानिक लोकांची रीत निराळी पडली. त्यांनीं धर्म स्वीकारला तरी परकीं नांवें लवकर स्वीकारलीं नाहींत. नवव्या शतकांत जुन्या सॅक्सन भाषेंत रचलेलें ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य 'हेलिअंड' या नांवानें ओळखलें जातें. हेलिअंड म्हणजे तारणारा. जुन्या इंग्रजींतहि येशूचा उल्लेख बहुधा 'हॅलेंड' याच देशी शब्दानें केलेला आढळतो. म्हणजे नांव जसेंच्या तसें न घेतां त्याच्या अर्थाचें भाषांतर केलें गेलें. माणसांच्या नांवांची गोष्टहि तशीच. इंग्लंडांत सातव्या शतकांत ख्रिस्ती धर्म रुजला, पण पुढें चारशें वर्षें तेथील राजे व शेतकरी आल्फ्रेड, एडवर्ड, एथेलरेड अशीं वाडवडिलांचींच नांवें ठेवीत राहिले. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यानंतर जॉन, थॉमस, पीटर या नांवांचा प्रसार झाला, आणि तोहि बराचसा फ्रेंच भाषेच्या द्वारें. जर्मनींतहि संतांचीं नांवें सर्वसामान्य घरांत शिरलीं तीं बाराव्या-तेराव्या शतकांपासून.

क्वचित् एखादें नांव अगदीं योगायोगानेंहि शिरलें. नॉर्वेचा राजा ओलाफ यास सुमारें १०२४ सालीं रात्रीच्या वेळीं पुत्र झाला. मूल अशक्त होतें, त्यास तत्काळ बाप्तिस्मा देणें अवश्य होतें. पण राजा झोंपला होता व त्यास उठविण्याचें धैर्य कोणास होईना. तेव्हां सिग्वात नांवाच्या राजकवीनें स्वतःच्या जबाबदारीवर मुलाचें नांव 'माग्नुस' असें ठेवविलें. सकाळीं राजा संतापला. कुळांत कोणाचें नसलेलें हें नांव कोठून आणलें, असें त्यानें विचारलें. शार्लमेन बादशहास लॅटिनमध्यें 'कारोलुस माग्नुस', म्हणजे 'थोर कारोलुस' म्हणत. जगांतील सर्वोत्तम पुरुष म्हणून त्याच्यावरून हें नांव ठेविलें, असें सिग्वातनें उत्तर दिलें व राजाचा राग शांत झाला. ही कथा आइसलंडचा इतिहासकार स्नोरी यानें नोंदविली आहे. एक साधें लॅटिन विशेषण अशा रीतीनें उत्तरेकडील विशेषनाम बनलें. तेंच मूल पुढें नॉर्वेचा राजा झालें, बाराव्या शतकांत ऑर्कनी बेटांत त्याच नांवाचा एक संतहि होऊन गेला, आणि आज तें स्कँडिनेव्हियांत घरोघरचें नांव आहे.

नांवें आलीं तेव्हां जर्मन भाषेनें त्यांचें काय केलें? तिनें आपल्या शब्दांचा जुना प्रत्यय आधींच टाकला होता; तेव्हां पाहुण्याचा प्रत्यय तरी कशास ठेवील? मार्तिनुसचा मार्टिन, पावलुसचा पाउल, पेत्रुसचा पेटर झाला. नांव लांब असेल तर आणखी कातर चाले. योहान्नेसमध्यें लॅटिन आघात 'हान्' या अक्षरावर. तें आघाताचें अक्षर राहिलें व पुढचें गळालें, म्हणून 'हान्स'. निकोलाउसचें डोकें गेलें व 'क्लाउस' उरला. उलट लाउरेंतिउसचा पहिला भाग धरून स्कँडिनेव्हियांत 'लार्स' झाला. डेन्मार्कमध्यें योहान्नेसचा 'येन्स' होतो, हॉलंडांत 'यान'.

तथापि देवळाच्या आंत जुना पेहराव कायम राहिला. जर्मन बायबलांतील प्रेषित हा पेत्रुसच असतो, शेजारचा गृहस्थ मात्र पेटर. मराठी व्याकरणांत तत्सम व तद्भव असा जो भेद करतात, तोच हा. योहान्नेस तत्सम, हान्स तद्भव. एवढेंच नव्हे, तर जर्मन लोक ख्रिस्ताच्या नांवास कित्येक शतकें लॅटिन विभक्तिहि लावीत आले. 'ख्रिस्ताच्या जन्मापूर्वीं' हें सांगतांना ते 'क्रिस्टी' अशी लॅटिन षष्ठी वापरतात, आणि मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या नांवांत 'मारिए' हें लॅटिन षष्ठीचेंच रूप आजहि छापलें जातें. आइसलंडच्या लोकांनीं आणखी वेगळी तडजोड केली. त्यांनीं 'क्रिस्तुर' व 'प्येतुर' असे स्वभाषेचे प्रत्यय लाविले, पण येशूच्या नांवाचीं रूपें मात्र लॅटिन ठेविलीं.

नांव कोणतें ठेवावें, हें पुष्कळदां पंचांगच ठरवी. प्रत्येक दिवस कोणत्या ना कोणत्या संताचा असे. आइस्लेबेन गांवीं हान्स लूथर नांवाच्या गृहस्थास १० नोव्हेंबर १४८३ रोजीं मुलगा झाला. दुसऱ्या दिवशीं त्याचा बाप्तिस्मा झाला, तो दिवस तूरच्या संत मार्तिनुसचा, म्हणून मुलगा मार्टिन झाला. हा मार्तिनुस चवथ्या शतकांतील रोमन शिपाई. थंडीनें कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास त्यानें आपला अर्धा झगा कापून दिला, अशी त्याची ख्याति. युद्धदेवतेच्या नांवाचा हा पुरुष दयेचा आदर्श ठरला. त्याच्या झग्याचा अवशेष जेथें ठेवीत, त्या स्थानास 'कापेल्ला', म्हणजे लहान झगा, असें नांव पडलें, आणि इंग्रजी 'चॅपेल', जर्मन 'कापेले', लिथुआनियन 'कोप्लीचा' हे प्रार्थनामंदिराचे शब्द त्यांतूनच निघाले. रोमन चर्चनें १५६६ च्या आपल्या प्रश्नोत्तरग्रंथांत मुलास संताचेंच नांव द्यावें असा उपदेश केला. तोपर्यंत लूथरनें त्या चर्चशीं नातें तोडून कितीतरी वर्षें लोटलीं होतीं. पण त्याच्याहि घरांत थोरल्या मुलाचें नांव योहान्नेस हेंच होतें.

आतां बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडे वळूं. तेथें लॅटिन नांवें सरळ रोमहून आलीं नाहींत. लॅटव्हियन लोकांत प्रथम रशियन शेजाऱ्यांचा प्रभाव पडला, व १२०१ मध्यें रीगा शहर वसल्यापासून जर्मन पाद्री व सरदार आले. लिथुआनियन लोकांकडे हीं नांवें पोलिश व पूर्व स्लाव्ह शेजाऱ्यांच्या मुखांतून आलीं. वाटेंत त्यांचा रंग बदलला. नाताळास लिथुआनियन भाषेंत 'कलेदोस' म्हणतात. हा लॅटिन 'कालेंदे', म्हणजे महिन्याचा पहिला दिवस, याच शब्दाचा स्लाव्ह भाषांतून आलेला वंशज होय. पावलुसचीहि तेथें दोन रूपें झालीं. स्लाव्ह मार्गानें आलें तें 'पोविलस', आणि ग्रंथांतून आलें तें 'पाउल्युस'. दोन्ही आज चालतात. पुन्हा तद्भव आणि तत्सम.

परंतु वाट कोणतीहि असो, उंबरठा ओलांडतांना एक नियम पाळावाच लागे. लिथुआनियन भाषेंत पुल्लिंगी नामास प्रत्यय हवाच. म्हणून पेत्रुसचा 'पेत्रस', योहान्नेसचा 'योनस', मार्तिनुसचा 'मार्तीनस'. मग तें नांव सर्व विभक्तींतून चाले. योनसचें म्हणजे 'योनो', योनसला म्हणजे 'योनुइ', आणि हांक मारतांना 'योनाइ'. जुन्या भाषेंत 'फ' हा उच्चार नव्हता, म्हणून योसेफुसचा 'युओझपस', स्तेफानुसचा 'स्तेपोनस' व फिलिप्पुसचा 'पिलीपस' झाला. ख्रिस्ताच्या नांवास तर कांहींच बदलावें लागलें नाहीं. लिथुआनियनमध्यें पुत्रास 'सूनुस' म्हणतात. त्याची षष्ठी 'सूनाउस', संबोधन 'सूनाउ'. त्याच चालीवर 'क्रिस्तुस, क्रिस्ताउस, क्रिस्ताउ'. जर्मन माणसास ज्या रूपांसाठीं लॅटिन विभक्ति उसनी घ्यावी लागली, तीं लिथुआनियन शेतकऱ्याच्या घरीं आधींपासून तयार होतीं. हजार वर्षांपूर्वीं वुल्फिलानें जें केलें, तेंच येथें, त्याचें नांवहि न ऐकतां, पुन्हा घडलें.

लॅटव्हियन लोकांनीं योहान्नेसचा 'यानिस' केला, व जर्मन हान्सचा 'ह' गाळून 'आन्सिस' हें दुसरें नांव केलें. या यानिसनें तर ऋतुचक्रांतच स्थान मिळविलें. २४ जून हा संत योहानाचा दिवस, आणि उत्तरेकडील उन्हाळ्याच्या सर्वांत मोठ्या दिवसांचा जुना उत्सवहि तेव्हांच. दोहोंचा संगम होऊन 'याञि' हा सण झाला. ओकच्या पानांचे व रानफुलांचे मुकुट घालून, होळ्या पेटवून लोक रात्रभर गातात. मार्तिनुस, मिखाएल, गेओर्गिउस यांचे दिवसहि शेतकामाच्या वेळापत्रकांत बसले. गेओर्गिउसच्या दिवशीं गडीमाणसें जुना धनी सोडून नव्याकडे जात. क्रिश्यानिस बारोन्स या संशोधकानें १८९४ ते १९१५ या काळांत दोन लाखांहून अधिक लॅटव्हियन लोकगीतें प्रसिद्ध केलीं. त्यांतून हीं नांवें पाहुण्यांचीं न राहतां घरच्या माणसांचीं झालेलीं दिसतात. क्रिश्यानिस हें त्याचें नांवहि 'ख्रिश्चन' या शब्दाचेंच लॅटव्हियन रूप आहे.

प्रत्ययाविषयींची ही निष्ठा आजहि ढळलेली नाहीं. लॅटव्हियाच्या १९९९ च्या राज्यभाषा-कायद्याप्रमाणें परदेशी माणसाचें नांवदेखील देशी वळणानें, प्रत्यय लावून, लिहावें लागतें. मूळ रूप शेजारीं नोंदविण्याची सोय आहे.

बाल्टिक कुळांतील तिसऱ्या बहिणीची, प्राचीन प्रुशियन भाषेची, हकीकत दुःखाची आहे. जर्मन धर्मयोद्ध्यांनीं तेराव्या शतकांत हा प्रदेश जिंकला. पुढें लूथरपंथी पाद्र्यांनीं लोकांस धर्म कळावा म्हणून कोनिग्सबर्ग येथें १५४५ व १५६१ सालीं प्रुशियन भाषेंत प्रश्नोत्तराच्या पुस्तिका छापल्या. श्रद्धेची प्रतिज्ञा देतांना त्यांत 'पुत्रास' यासाठीं 'सूनुन' हें अस्सल देशी रूप आहे, संस्कृत 'सूनुम्' याचें सख्खें भावंड; पण शेजारींच येशू ख्रिस्ताचें नांव 'जेझुम क्रिस्तुम' असें, लॅटिन विभक्तीसकट, जर्मन पाद्र्याच्या तोंडचें जसेंच्या तसें ठेविलेलें आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं ही भाषा बोलणारें कोणी उरलें नाहीं. केवळ नांव परकें राहिलें म्हणून भाषा मेली, असें म्हणणें अर्थात् चुकीचें होईल; युद्ध, गुलामगिरी, परकी वस्ती व रोगराई हीं तिच्या अंताचीं कारणें. परंतु ज्या भाषेंत तिच्या बोलणारांनीं स्वतः लिहिलें नाहीं, तिच्यांत पाहुणा शेवटपर्यंत पाहुणाच राहतो, हें त्या पुस्तिका दाखवितात. त्याच कोनिग्सबर्ग शहरांत १५४७ मध्यें पहिलें लिथुआनियन पुस्तक निघालें, तें लिथुआनियन माणसानें लिहिलेलें होतें. त्याचें नांव मार्तीनस माझ्वीदस. आडनांव देशी, नांव रोमन युद्धदेवतेचें, आणि प्रत्यय लिथुआनियन.

नांवाच्या शेवटच्या अक्षराला किती मोल असतें, हें लिथुआनियास पुढें आणखी कळलें. रशियन सत्तेनें १८६४ पासून १९०४ पर्यंत लॅटिन लिपींत लिथुआनियन पुस्तकें छापण्यास बंदी केली. छापावयाचें तर रशियन लिपींत छापा, असा हुकूम होता. सरकारी दप्तरांत योनसचा 'इव्हान' झाला. तेव्हां प्रुशियाच्या हद्दींत छापलेलीं प्रार्थनापुस्तकें व पंचांगें पाठीवर बांधून, रात्रीं सरहद्द ओलांडून, शेतकरी लोक गांवोगांव पोहोंचवीत. सांपडलेल्यांस कैद किंवा सैबेरियाची हद्दपारी भोगावी लागे. ज्या लिपींत व ज्या रूपांत देवाचें नांव घ्यावयाचें, तें दुसऱ्यानें ठरवूं नये, एवढ्यासाठीं हा सारा खटाटोप होता.

अखेर १६ फेब्रुवारी १९१८ रोजीं विल्नियस येथें वीस लिथुआनियन पुढाऱ्यांनीं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्या वीस नांवांत चार योनस आहेत. शिवाय पेत्रस आहे, स्तेपोनस आहे, मिकोलस आहे, युर्गिस आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर वितौतस, गेदिमिनस, बिरुते हीं ख्रिस्तपूर्व परंपरेचीं नांवें लोक हौसेनें ठेवूं लागले, हें खरें. तरी स्वातंत्र्य जाहीर केलें तें एकेकाळीं घोळक्याघोळक्यांनीं वांटलेल्या नांवांच्या माणसांनीं. तीं नांवें तोंवर दिलेलीं राहिलीं नव्हतीं. घेतलेलीं झालीं होतीं.

हीच लॅटिन नांवें पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यासहि लागलीं. तेथें योहान्नेसचा 'जुवांव' झाला, पेत्रुसचा 'पेद्रू' झाला. मराठी बायबलांत तेच दोघे 'योहान' आणि 'पेत्र' म्हणून भेटतात. प्रतिवर्षीं २४ जून रोजीं गोव्यांत सांजांव साजरा होतो. पावसानें भरलेल्या विहिरींत तरुण उड्या घेतात, आणि त्यांच्या डोक्यावर फुलापानांचे मुकुट असतात. त्याच सुमारास, हजारों कोसांवर, लॅटव्हियाच्या टेंकड्यांवर ओकच्या पानांचे मुकुट घातलेले लोक होळीभोंवतीं यानिसचीं गाणीं म्हणत असतात. एकानें दुसऱ्याचें नांवहि ऐकलेलें नसतें; पण नांव दोघांचें एकच असतें.